७६०३ साठी ७बी८५-७बी८० ची जोडी घेऊ का?

सिग्नलवेडा:
माझ्याकडे टेक्ट्रॉनिक्स ७६०३ ऑसिलोस्कोप आहे, त्यात टाइमबेस (स्वीपचा वेग ठरवणारं, खणात बसणारं मॉड्यूल) ७बी५३ए. १ मिलिसेकंदावर कॅलिब्रेटरची १ किलोहर्ट्झची लाट रेघेला रेघ जुळते. पण ०.२ वर नेलं की स्वीप (पडद्यावरची आडवी धाव) मधूनच गायब, वेगाच्या नॉबला हात लागला की परत हजर. एका ठिकाणी ७बी८५ आणि ७बी८० हे दोन्ही टाइमबेस मिळतायत, ट्रिगर (स्वीप सुरू करणारा भाग) ४०० मेगाहर्ट्झचा. डिलेड स्वीप (उशिराने सुरू होऊन लाटेचा हवा तो तुकडा मोठा दाखवणारा) मला रोज लागतो.

जुनाट_डबा:
चांगली अवस्था असेल तर घेऊन टाका. अशी मॉड्यूल्स पुढे मिळतीलच असं नाही.

रॅम्पवाला:
घेऊ नका, निदान ७६०३ साठी तरी नको. तुमच्या मेनफ्रेमला (मुख्य डब्याला) खण तीन, त्यातला हॉरिझॉन्टल, म्हणजे टाइमबेसचा, एकच. या जोडीला दोन लागतात: ७बी८५ ए खणात, ७बी८० बी खणात. ते ७७०४ए किंवा ७९०४ अशा चार खणांच्या मेनफ्रेमवाल्यांचं काम. ७बी५३ए मध्ये दोन्ही स्वीप एकाच डब्यात आहेत, डिलेड स्वीपसह. आणि मेनफ्रेमच १०० मेगाहर्ट्झची, मग ४०० च्या ट्रिगरचं करायचं काय?

आता बिघाड. नॉब हलवल्यावर बरं होणारं दुखणं बहुतेक वेळा कॅम स्विचचं, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या स्विचचं, असतं. रॅम्पचा (स्वीप चालवणाऱ्या चढत्या व्होल्टेजचा) वेग ठरतो टायमिंग रेझिस्टरमधून जाणाऱ्या प्रवाहावर आणि तो ज्या कपॅसिटरला चार्ज करतो त्यावर. ढोबळमानाने नॉबवरचे १-२-५ हे टप्पे रेझिस्टर बदलून मिळतात आणि दशक (दहापटीची उडी) कपॅसिटर बदलून. म्हणून आधी नॉब सगळ्या जागांवर फिरवून तक्ता करा. प्रत्येक दशकातला २ च बिघडत असेल तर रेझिस्टरकडचा संपर्क बघा; एक अख्खं दशक बिघडलं असेल तर कपॅसिटर किंवा त्याचा संपर्क. पडद्यावरच्या रीडआउटवरही (स्वीपच्या वेगाच्या आकड्यावरही) लक्ष ठेवा. तो आकडा याच स्विचवरून येतो, तोही डळमळला तर संशय पक्का.

सफाई करताना मेनफ्रेम बंद करूनच मॉड्यूल काढा. साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची, स्विचच्या संपर्क-पत्तीखाली सरकवून हलकेच ओढायची. पॉलिश पेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा पातळ असतो. संपर्क साफ करायच्या स्प्रेचा डबा तर कपाटातच राहू द्या. आणि स्वीप कॅलच्या (स्वीपचा वेग जुळवायच्या) स्क्रूला हात नको! तो सगळ्या रेंज एकदमच हलवतो, १ मिलिसेकंदावर जुळलेलंही बिघडेल.

सिग्नलवेडा:
तक्ता केला. २ मिलिसेकंद, ०.२, २० मायक्रोसेकंद, सगळीकडे २ वरच रडतो. रीडआउट मात्र ठीक. जोडी रद्द. ७बी९२ए हा टाइमबेस एका खणात बसतो ना, तो कसा?

रॅम्पवाला:
बसतो, दोन्ही स्वीपही आहेत. पण त्याचा ०.५ नॅनोसेकंदाचा वेग ७६०३ ला झेपत नाही, तिची धाव ५ नॅनोसेकंदांपर्यंतच, आणि तेवढं ७बी५३ए दहापट मॅग्निफायर लावून देतोच. तक्ता रेझिस्टरकडे बोट दाखवतोय. रीडआउटचे संपर्क वेगळे असतात, त्यामुळे तो ठीक असला तरी स्विच सुटत नाही. आधी कागद फिरवा. तरीही अडला तर २ च्या रेझिस्टरचे सोल्डर जोड भिंगाखाली बघा.