येझदी २५०: पांढरा धूर आणि घटणारं गिअर ऑइल

प्रश्न: माझ्या येझदी २५० मोटरसायकलच्या रिंगा, पिस्टन नवे. ५ लिटर पेट्रोलला २०० मिली टू-टी (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल). तरी गरम झाल्यावर पांढरा दाट धूर, आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय. बाहेर गळती नाही. इंजिन परत खोलायचं का?

उत्तर १: टू-टीचं प्रमाण ठीक आहे, ते बदलू नका. ऑइल बाहेर पडत नसेल तर ते जळतंय. डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच गिअरबॉक्सच्याच ऑइलमध्ये फिरतात. तिथलं क्रँकचं सील (क्रँकच्या शाफ्टभोवतीची रबरी कडी) कडक झालं की पिस्टन वर जाताना क्रँककेस (पिस्टनखालची बंद पेटी) ते ऑइल ओढून घेतो. स्पार्क प्लग काढून बघा, ओला काळा असेल.

उत्तर २: खोलण्याआधी प्रेशर टेस्ट कराच. पिस्टन खाली आणा, कार्बोरेटरचं आणि दोन्ही सायलेन्सरची तोंडं रबर लावून बंद करा, प्लगच्या भोकातून हातपंपाने ५-६ पीएसआय हवा भरा. पंपाच्या प्रेशर गेजचा काटा भरभर पडला तर गळती आहे. गिअर ऑइलच्या झाकणातून बुडबुड आवाज आला तर डावं सील. डायनामोकडे साबणाचं पाणी फुगलं तर उजवं. उजवं सील गळकं असलं की इंजिन तिथून हवा ओढतं, मग आयडलिंग चढतं आणि पिस्टन जाम होण्याची भीती.

उत्तर ३: नवं सील ठोकण्याआधी क्रँकच्या शाफ्टवरून नख फिरवा. चर लागली तर नवं सीलही टिकणार नाही.

प्रश्नकर्ता: प्लग ओला काळाच आहे. आता प्रेशर टेस्ट.