मदत हवी आहे: बोवेत्सच्या जुन्या न्यायिक जिल्ह्याचे कागद कुठे पाहायला मिळतील?

नमस्कार मंडळी. आजच्या स्लोव्हेनियातल्या, सोचा नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या बोवेत्स या गावावर (जर्मन नाव फ्लिच) मी एक दीर्घ लेख लिहितो आहे. तेव्हा हा भाग ऑस्ट्रियाकडे होता. 1848 मध्ये ऑस्ट्रियात जमीनदारी संपली, जमीनदारांची न्यायालयं गेली आणि त्यांच्या जागी सरकारी न्यायिक जिल्हे आले. टोलमिनच्या प्रशासकीय जिल्ह्यात असे तीन होते: टोलमिन, त्सेर्क्नो आणि बोवेत्स. वस्ती जवळजवळ सगळी स्लोव्हेन. 1868 मध्ये न्याय आणि प्रशासन वेगळं झालं. जमिनीची नोंदवहीही न्यायालयच सांभाळायचं, त्यामुळे कुणाचं शेत, कुणाचं कुरण, कुणावर कर्ज हे सगळं तिथेच सापडेल. मला खरी ओढ त्याचीच आहे.

पुढे 1915 ते 1917 पहिल्या महायुद्धाची आघाडी याच खोऱ्यात होती. 1920 च्या रापाल्लो करारानं हा भाग इटलीकडे, 1947 मध्ये युगोस्लाव्हियाकडे गेला. एवढ्या उलथापालथीत त्या वह्यांचं काय झालं? नोव्हा गोरित्सा, त्रिएस्ते की व्हिएन्ना, आधी कुठल्या अभिलेखागाराला लिहावं? तिकडे राहणारं कुणी आहे का? जुनी जर्मन हस्तलिपी वाचणारं कुणी असेल तर कृपया नक्की कळवा.