मदत हवी आहे: पत्र्याच्या कोंबड्याच्या तुऱ्याची धार कशी मोडायची?

रिकाम्या डब्यांच्या पत्र्यापासून लोककलेतल्या धाटणीची खेळणी करतोय. गाडी, बैल जमले. कोंबड्यावर अडलोय.

सरळ कडेला अडचण नाही. ४-५ मिमी पट्टी पक्कडीने आत दुमडली की धार लपते. पण तुऱ्याच्या गोलाईवर तीच घडी घालायला गेलो की पत्रा चुण्या पडून फाटतो, आणि प्रत्येक चुणीला नवी धार! काल अंगठा कापला. कानस मारली तर कड गुळगुळीत होते, पण कथलाचा मुलामा निघून जातो आणि उघड्या लोखंडाला गंज धरतो. दुमडण्याआधी कडेला बारीक चिरा द्याव्यात, की आत तार घालून कड वळवावी? चिरांची टोकं पुन्हा टोचतील असं वाटतं.

दुसरं, डाख, म्हणजे पत्रे जोडायला वितळवून लावतात तो धातू. मुलं खेळणं तोंडात घालणारच, म्हणून शिसं असलेला डाख बंद केला. ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं असलेला वापरतो. तो २२७ अंशांना वितळतो, म्हणजे शिशाच्या डाखापेक्षा ४० एक अंश जास्त. तेवढ्या उष्णतेने डब्यावरचा छापील रंग करपतो. त्या रंगासाठीच तर डबा निवडलेला असतो!

कोंबड्याचे पंख शीतपेयाच्या कॅनचे आहेत. ते ॲल्युमिनियम, त्यावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे डाख धरतच नाही. म्हणून पंखाला जीभ (पुढे आलेली छोटी पट्टी) ठेवून ती अंगाच्या खाचेत घालून दुमडली, पण आठवड्यात पंख खुळखुळायला लागले. रिव्हेट मारू का? एवढ्या पातळ पत्र्याला कुणी मारून पाहिलंय?