सोलापूरहून तुळजापूर, एका दिवसात

विषय: सोलापूरहून तुळजापूरची एका दिवसाची सहल
प्रेषक: नवी सभासद

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं परदेशातून सोलापूरला जातोय. ह्यांचं कुलदैवत तुळजाभवानी, पण लग्नाला चौदा वर्षं झाली तरी माझं तिथं जाणं झालेलं नाही. मुलं नऊ आणि तेरा वर्षांची. मराठी समजतं, बोलताना अडखळतात. सोलापुरात आता आमचं घर उरलेलं नाही, त्यामुळे लॉजवर उतरणार. तिथून सकाळी गाडी, सोबत माहिती सांगणारा गाईड आणि संध्याकाळी परत, अशी सहल मिळते असं कळलं. ती घ्यावी, की नुसती गाडी करून आपलं आपण जावं? हाताशी एकच दिवस आहे. नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर मोकळेपणाने लिहा.

---

विषय: उत्तर: सोलापूरहून तुळजापूरची एका दिवसाची सहल
प्रेषक: काकू, साखर पेठ, सोलापूर

अगं, तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी थंडीचे सहा महिने इथे सोलापुरात असते, उरलेले परदेशात मुलाकडे, तुमच्याच मराठी मंडळात. तुळजापूरला लहानपणापासून इतक्यांदा गेलेय की मोजदाद नाही. तरी तुला सांगते, गाईड घे.

गेल्या वर्षी मंडळातले आम्ही अकरा जण गेलो होतो. सतरा सीटची गाडी आणि सोबत इथल्याच शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे गुरुजी. सकाळी सहाला जुन्या तुळजापूर नाक्यावरून निघालो. रस्ता पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आणि चौपदरी. गाडी सुसाट जाते, आणि म्हणूनच माणसं खिडकीबाहेर बघत नाहीत. मीही कधी बघितलं नव्हतं. तामलवाडी मागे पडली आणि समोर डोंगर दिसायला लागला तसे गुरुजी पुढच्या सीटवरून आमच्याकडे वळून बसले. म्हणाले, हा सह्याद्रीसारखा सुळक्यांचा डोंगर नाही, ही पायरी आहे. चढून गेलं की वर पुन्हा सपाट.

घाट संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. सगळे खाली उतरलो. थंडी मी म्हणत होती. मागे वळून बघितलं तर खाली सोलापूरकडची सगळी काळी रानं, ज्वारी पोटरीला आलेली, त्यावर धुकं. गुरुजींनी हातानेच रेघ ओढून दाखवली. हा बालाघाट. ह्याच्या ह्या अंगाचं पाणी भीमेला जातं, म्हणजे कृष्णेला. त्या अंगाचं मांजरेतून गोदावरीला. साठ वर्षं मी ह्या रस्त्याने जातेय आणि एका डोंगरावर दोन नद्यांची वाटणी होते हे मला त्या दिवशी कळलं. आमच्यातल्या एका मुलीने बाटलीतलं थोडं पाणी तिथेच मातीवर ओतलं आणि ते कुठल्या बाजूला जातंय ते खाली बसून बघत राहिली. पाच मिनिटं. गुरुजींनी तिला घाई केली नाही. चांगला गाईड मी ह्यावरून ओळखते.

आता देवळाबद्दल. आपल्याला सवय असते डोंगर चढून देवाला जायची. तुळजापुरात उलटं आहे. गाव वर आणि देऊळ खाली, डोंगराच्या कुशीत. महाद्वारातून आत शिरलं की पायऱ्या उतरायच्या. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, आणि मग निंबाळकर दरवाजातून आतल्या चौकात. गोमुखाजवळच्या पायऱ्या कायम ओल्या असतात आणि अनवाणी पायांनी झिजून मधोमध खोलगट झाल्यात. मुलांना सांग, कडेने चाला आणि पाय आडवा ठेवा. गार दगडावर पहिला पाय पडला की अंगावर काटा येतो. तिथेच शेजारी एखादी आराधीण कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन बसलेली असते. मुलांना ती परडी जवळून बघू दे. जोगवा म्हणजे काय ते घरी सांगून कळत नाही.

तुमच्या तारखांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती आधी बघ. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. नवरात्राच्या आधी, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत, आणि पौष महिन्यात शाकंभरी नवरात्राच्या आधी. सगळे मिळून एकवीस दिवस. पौष शुद्ध प्रतिपदेपासूनची निद्रा बऱ्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते. त्या दिवसांत अभिषेक होत नाहीत, दर्शन पलंगावरच्या देवीचं घ्यायचं. काही जणांचा विरस होतो. माझं मत विचारशील तर मुलांना घेऊन जायला ह्याच्यासारखे दिवस नाहीत. जिला आपण आई म्हणतो ती थकते आणि झोपते, हे लेकरांना जितकं पटकन कळतं तितकं आपल्याला कळत नाही. तरी पंचांग बघूनच ठरव, आणि अभिषेकाचा संकल्प असेल तर तारीख बदल.

गाईड असला तरी तुळजापुरात तुमचे पुजारी वेगळे. भोपे आणि पाळीकर ही तिथली पुजाऱ्यांची घराणी. तुमच्या सासरचं आडनाव, मूळ गाव आणि आजेसासऱ्यांचं नाव एका कागदावर लिहून ने. आमच्या पुजाऱ्यांनी मला माझ्या सासऱ्यांचं नाव त्यांच्या वहीत दाखवलं होतं. शाई तपकिरी पडलेली, अक्षर तिरकं, आणि खाली सासऱ्यांच्या हातची सही. घरात त्यांचं एवढंसंही लिखाण शिल्लक नव्हतं. मी किती वेळ त्या पानावर बोट ठेवून उभी होते कुणास ठाऊक.

देवळाच्या मागच्या बाजूला चिंतामणी आहे, गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथे कौल लावत अशी श्रद्धा आहे. मुलं तिथून हलणार नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेव. तेरा वर्षांच्या थोरल्याला मात्र आणखी एक सांग. महाराजांना मनात येईल तेव्हा तुळजापूरला येणं शक्य नव्हतं, मध्ये आदिलशाही मुलूख. म्हणून त्यांनी १६६१ साली प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. आपण परदेशातल्या घरात कोनाड्यात टाक ठेवतो, ते त्याच ओढीने.

वेळ उरला तर घाटशीळ. रामाला देवीने लंकेची दिशा दाखवली ती शिळा इथली अशी कथा आहे. भारतीबुवांचा मठही जवळच आहे, तिथे देवी सारीपाट खेळायला येते असं मानतात.

जेवण उरकून दुपारी नळदुर्ग. तुळजापूरहून पस्तीसेक किलोमीटर. आमच्या गुरुजींनी सकाळचं पाणी इथे आणून पोचवलं. बालाघाटातून येणारी बोरी नदी किल्ल्यात धरण बांधून अडवलीय, आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला. पावसाळ्यात नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आतला माणूस कोरडा राहतो. डिसेंबरात धबधबा मिळणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेव. फोटोत बघून ती पाण्याची वाट बघत बसतील. पण भिंतीच्या आतल्या महालाच्या खिडकीत बसून नदी बघायला थंडीतच निवांत मिळतं. उपळी बुरुजावर चढायचं असेल तर ऊन उतरल्यावर. तिथून हैदराबाद रस्त्याने थेट सोलापूर, अंधार पडायच्या आत घरी.

आता वाईट अनुभवही सांगते. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या बहिणीला घेऊन एका ठिकाणाहून अशीच सहल घेतली होती. नाव लिहीत नाही. गाईड म्हणून जो मुलगा दिला त्याने वाहनतळावरच सांगितलं, पाऊण तासात या. मग एका तिऱ्हाइताशी गाठ घालून दिली, लवकर दर्शन करून देतो म्हणून त्याने पैसे घेतले आणि आम्हाला नेहमीच्याच रांगेच्या शेवटी सोडून तो निघून गेला. बहिणीचे गुडघे दुखत होते. तिने मला काही म्हटलं नाही, पण परतीच्या वाटेवर ती बोललीच नाही, ते मला अजून टोचतं. म्हणून ठरवतानाच विचार: घाटात गाडी थांबवणार का, देवळात किती वेळ देणार, आणि गाईड स्वतः खाली पायऱ्या उतरून आत येणार का. तिन्हीला होय म्हणाला तरच पैसे दे. आतल्या पासाचे पैसे मंदिराच्या खिडकीवरच भरायचे, बाहेर कुणाच्याही हातात नाही.

डब्याला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेऊन जा. मी बांधून देईन, साखर पेठेत येऊन जा.

---

विषय: उत्तर: उत्तर: सोलापूरहून तुळजापूरची एका दिवसाची सहल
प्रेषक: माजी खजिनदार

काकूंचं पत्र सुरेख आहे, पण एक व्यवहाराची बाजू मांडतो. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रस्ता आता चौपदरी आहे. तासाभरात माणूस पोचतो. एसटी तर सोलापूर स्टँडवरून सारखी असते. गाईडला दिवसाचे पैसे देण्यापेक्षा गाडी करून पहाटे तुळजापूर, दुपारी अक्कलकोट आणि संध्याकाळी पंढरपूर उरकता येतं. आपण लोक चार-पाच वर्षांतून एकदा जातो. तिन्ही दर्शनं झाली की मनाला समाधान. मागच्या खेपेला आम्ही असंच केलं.

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सोलापूरहून तुळजापूरची एका दिवसाची सहल
प्रेषक: काकू, साखर पेठ, सोलापूर

भाऊसाहेब, तुमची तळमळ मला समजते. इतक्या लांबून आलं की काही राहून जाऊ नये असं वाटतंच. पण तुळजापूर सोलापूरच्या वरच्या अंगाला, अक्कलकोट खाली आग्नेयेला आणि पंढरपूर पश्चिमेला. दर वेळी सोलापुरात परत येऊन पुन्हा निघायचं. मुलं दिवसभर गाडीत झोपतील आणि तीन रांगा आठवतील.

आमच्याकडे कोजागिरीला सोलापूरहून लोक चालत तुळजापूरला जातात. त्या रात्री रस्ता वाहनांना बंद असतो, सगळा रस्ता माणसांचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला नेलं होतं. नऊवारीचा ओचा खोचून त्या माझ्या पुढे चालत होत्या. उळ्याच्या पुढे माझ्या टाचेला फोड आला तेव्हा त्यांनी रस्त्याकडेला बसून पदराची किनार फाडली आणि माझ्या पायाला बांधली. नवी साडी होती. घाटाच्या पायथ्याशी उजाडायला आलं आणि पुढचे मागचे सगळे एकदम "आई राजा उदो उदो" म्हणाले. माझ्या पायात बळ कुठून आलं ते मला सांगता येणार नाही.

लहान मुलांना पंचेचाळीस किलोमीटर चालवा असं मी म्हणत नाही. पण त्या वाटेला एक अख्खा दिवस तरी द्या. अक्कलकोटला दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला सोलापुरात परत येता येतं. पंढरपूर पुढच्या खेपेला. विठोबा थांबतो.

---

विषय: जाऊन आलो
प्रेषक: नवी सभासद

काकू, आणि सगळ्यांना,

कालच परत आलो. अजून वेळेचं गणित जमलेलं नाही, रात्री दोनला जागी होऊन लिहितेय.

काकूंनीच गुरुजींशी बोलणं करून दिलं. तारखा बदलणं जमलं नाही आणि आमचा दिवस नेमका निद्रेतला निघाला. अभिषेक राहिला. ह्यांना जरा वाईट वाटलं होतं, कारण त्यांच्या आईने केलेला नवस होता. पुजाऱ्यांनी सांगितलं, शाकंभरी नवरात्र बसलं की मी तुमच्या नावाने करीन, आणि ह्यांच्या आजोबांचं नाव विचारून वहीत आमची नावं त्याखाली लिहून घेतली. थोरल्याने स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, देवनागरीत. जोडाक्षर चुकलं, तर पुजारी म्हणाले राहू दे, तुझ्या मुलाला ओळख पटेल.

आणि धाकटी. गुरुजींनी घाटातच तिला सांगितलं होतं की देवी झोपलेली आहे. पायऱ्या उतरताना ती माझा हात सोडून कडेकडेने, पाय आडवा ठेवत, अगदी हळू उतरत होती. मला वाटलं घसरेल म्हणून जपतेय. आत आमच्यामागे एक आजोबा मोठ्याने उदो उदो म्हणाले, तशी ती वळली आणि ओठांवर बोट ठेवून त्यांना स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजोबा, हळू. आई झोपलीय." आजोबांनी दोन्ही हात जोडले, देवीला की तिला ते कळलं नाही, आणि पुढचा उदो अगदी हलक्या आवाजात म्हटला.

नळदुर्गला पाणीमहालाच्या खिडकीत ती तासभर बसली. गुरुजींनी सांगितलं होतं तेवढं सगळं तिने मला परत सांगितलं, बोरी, भीमा, कृष्णा, ह्याच क्रमाने.

काकू, शेंगाचटणी परवापर्यंत पुरेल. फेब्रुवारीत कुणी इकडे येणार असेल तर अर्धा किलो पाठवा. आणि ज्यांना गुरुजींशी बोलायचंय त्यांनी काकूंना वेगळं लिहा. महिनाभर आधी सांगावं लागतं, कारण ते एका दिवशी एकाच गाडीबरोबर जातात.