टंग टाय : दिसली जीभ की चालव लेझर?

सातारची_सून : आयांच्या ग्रुपवर फिरणारी ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. "बाळ दूध ओढत नाही? जीभ चिकटलीय, लगेच लेझर करा, नाहीतर मूल बोबडं बोलेल." अहो, जिभेखाली तो पडदा सगळ्यांनाच असतो, आरशात बघा! जीभ वर उचलता येत नाही, हिरडीपुढे येत नाही, म्हणून छातीवर पकडच बसत नाही, तेव्हा तो प्रॉब्लेम, त्यालाच टंग टाय म्हणतात. आधी कुणीतरी शेजारी बसून पाजताना बघा ना. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं २०२४ मध्ये हेच सांगितलंय, पुढे बोलण्यात अडचण येईल म्हणून तान्हेपणीच तो पडदा कापायला आधार नाही, आणि लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचाही पुरावा नाही. बिल मात्र सरस असतं.

छकुलीची_आई : पकड सुधारा म्हणणं लय सोपंय. माझी पोरगी रडली की जिभेच्या टोकाला खाच पडायची, पत्त्यातल्या बदामासारखी. निपलला चिरा, रक्त, पाजायची वेळ झाली की मलाच रडू यायचं. सर्जननं कात्रीनं कट दिला, तिथंच पाजायला सांगितलं, आणि पहिल्यांदा कळ आली नाही. तुम्ही बसा पुरावे चघळत.

सातारची_सून : चघळतेच. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०१७ चा आढावा, ५ चाचण्या, ३०२ बाळं. आईचं दुखणं काही काळ कमी होतं, दूध पिणं सुधारतंच असं नाही.

छकुलीची_आई : दुखणं कमी होतं हे काय कमी आहे का??

तात्या_कोल्हापूरकर : आमच्याकडं सुईण नखानं तोडायची, बिल शून्य. वर वेखंड उगाळून मधातनं चाटवायचं, पोरं खणखणीत बोलायची.

पेड्स_रेसिडेंट : नखानं?! जंतुसंसर्ग, रक्तस्राव काही ऐकलंय का? आम्ही कात्री लावायच्या आधी जन्मानंतरचं, रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के मिळालंय का ते विचारतो. आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोट्युलिझम, म्हणजे जंतूंमुळे होणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो.

तात्या_कोल्हापूरकर : मी मधावरच वाढलोय, सत्तरी गाठली.

पेड्स_रेसिडेंट : अभिनंदन. तुम्ही सीटबेल्टही लावत नसाल.

नागपूरची_मिनू : गुटीचं सोडा, आमच्या सासूबाईंनी "तुझं दूधच पुरत नाही" म्हणून पावडरचा डबा आणून ठेवला, पोरगं बाटलीला लागलं, मग छातीला तोंडच लावेना. जीभ ठणठणीत होती!

तात्या_कोल्हापूरकर : सासूला नावं ठेवायला धागा काढलाय व्हय?

नागपूरची_मिनू : तुमच्या सुनेला इथं बोलवा, मग बघू.

सातारची_सून : मूळ विषय कुठं गेला? बरं छकुलीची आई, तुझ्या पोरीला खरंच गरज होती, मानलं, खूश? पण नंतर बोट घालून जखम ताणायचे व्यायाम दिले असतील तर त्यालाही धड पुरावा नाही.

छकुलीची_आई : दिले होते. पोरगी किंचाळायला लागली तेव्हा बंद केले, पुरावा न बघता.

तात्या_कोल्हापूरकर : वेखंड लावायचं होतं.