बंदोबस्तात तिघांचे तीन आदेश आले, तर हवालदाराने कोणाचे ऐकायचे?

प्रश्न: पंचवटीकर ताई

नमस्कार. मी नाशिकला राहते. माझा धाकटा भाऊ पोलीस हवालदार आहे. सेवेत असल्यामुळे त्याला स्वतःला येथे लिहिता येत नाही, म्हणून त्याच्या संमतीने मी विचारते आहे. ठिकाण, तारीख आणि माणसांची नावे मुद्दाम देत नाही.

काही महिन्यांपूर्वी कांद्याच्या भावासाठी महामार्गावर रास्ता रोको झाला. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये भावाच्या पॉइंटला सांगितले होते की बॅरिकेडच्या पुढे कोणालाही महामार्गावर येऊ द्यायचे नाही. दुपारी गर्दी वाढल्यावर पॉइंटवरच्या उपनिरीक्षकांनी बॅरिकेड एका बाजूने उघडायला लावले, म्हणजे लोक सर्व्हिस रोडवर बसतील आणि रुग्णवाहिकेला वाट राहील. हे चालू असतानाच वायरलेसवर आदेश आला की रस्ता तातडीने मोकळा करा. त्या वेळी उपनिरीक्षक दुसऱ्या टोकाला गेले होते आणि आंदोलकांच्या प्रतिनिधींशी बोलत असलेले तहसीलदार भावाला म्हणाले, "मी सांगेपर्यंत कोणाला हात लावू नका."

भाऊ आणि त्याच्याबरोबरचे चार शिपाई जागेवर उभे राहिले. दहा-बारा मिनिटांनी मागून रेटा आला, पुढचे लोक बॅरिकेडवर पडले आणि त्यात काही आंदोलकांना व दोन पोलिसांना लागले. आता भावाला कारणे दाखवा नोटीस आली आहे. वायरलेसवरील आदेशाचे पालन न केल्यामुळे परिस्थिती चिघळली, असे तीत म्हटले आहे. उत्तरासाठी सात दिवस आहेत आणि त्यांतले दोन गेले. त्याने नेमके कोणाचे ऐकायला हवे होते?

उत्तर 1: जुना बंदोबस्तवाला

ताई, मी सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. सेवेतली बरीच वर्षे नाशिक जिल्ह्यात काढली आणि त्यातला मोठा भाग गणपती, कुंभमेळा, मोर्चे आणि निवडणुका यांच्या बंदोबस्तात गेला. तुमच्या भावावर आलेली वेळ नवी नाही, फक्त तिचा कागद त्याच्या नावाने निघाला एवढेच.

कोणाचे ऐकायचे हे नंतर बघू. आधी हे शोधा की वायरलेसवरचा तो आदेश कोणाच्या कॉलसाइनला (वायरलेसवरच्या ओळखनावाला) दिला होता आणि त्याला 'ओके' कोणी म्हटले. नियंत्रण कक्षाच्या लॉगबुकात संदेशाची वेळ, तो देणारा आणि घेणारा यांची नोंद असते. पॉइंटचा वायरलेस सेट उपनिरीक्षकांकडे असेल आणि भावाने तो आदेश शेजारच्या सेटवर नुसता ऐकला असेल, तर आदेश ऐकणे आणि आदेश मिळणे यांतला फरक त्याने उत्तरात पहिल्याच परिच्छेदात मांडला पाहिजे. भावाने स्वतः 'ओके' म्हटले असेल, तर मात्र प्रश्न अवघड होतो, कारण मग तहसीलदार साहेबांनी थांबवले आहे हे त्याने उलट कळवायला हवे होते. आम्हाला जुन्या हवालदारांनी शिकवलेली सवय अशी होती की आदेश आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचा आणि अडचण असेल तर त्याच दमात सांगायची: "रस्ता मोकळा करण्याचा आदेश समजला, तहसीलदार साहेब चर्चा करत आहेत, पुढील सूचना द्या." एवढ्या वाक्याने चेंडू वर जातो आणि वेळेसह नोंदला जातो.

भावाने बंदोबस्त संपल्यावर ठाण्यात येऊन स्टेशन डायरीत (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) काही नोंद घेतली होती का, तेही विचारा. घेतली नसेल तर आता मागच्या तारखेने काही लिहून घेण्याचा सल्ला कोणी देईल. तो अजिबात ऐकू नका.

उत्तर 2: जिल्हा न्यायालयातील एक वकील

वरील उत्तर व्यवहाराचे आहे आणि योग्य आहे. मी कायद्याची बाजू मांडतो, कारण नोटीस ज्या गृहीतावर उभी आहे तेच मला कच्चे वाटते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 64 मध्ये पोलिसाची कर्तव्ये दिली आहेत आणि तेथे वरिष्ठांच्या 'कायदेशीर' आदेशांची अंमलबजावणी 'कायदेशीर' मार्गांनी करण्याचा प्रयत्न करणे अपेक्षित आहे. हे विशेषण शोभेचे नाही. जमाव पांगवण्याचा हुकूम कोण देऊ शकतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 129) सांगितले आहे: कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी. याच संहितेच्या कलम 30 मुळे ठाणेदाराचे अधिकार त्याच्या वरिष्ठांनाही आपल्या कार्यक्षेत्रात वापरता येतात. हवालदार या यादीत कोठेच नाही. त्यामुळे 'रस्ता मोकळा करा' याचा अर्थ जमाव पांगवा असा असेल, तर तो हुकूम जागेवर देण्याची जबाबदारी उपनिरीक्षकांची होती. आणि अर्थ केवळ वाहतुकीला वाट द्या इतकाच असेल, तर एक बाजू उघडून ते काम आधीच सुरू झाले होते. नोटिशीत यांपैकी कोणता अर्थ धरला आहे, हे विचारण्याचा आपल्या भावाला पूर्ण हक्क आहे.

तहसीलदारांचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात, म्हणून जमावाला पांगण्याचा हुकूम ते देऊ शकतात. परंतु पोलिसाने दिलेला हुकूम ते थांबवू शकतात का, याबद्दल कलम 148 मौन पाळते. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर, म्हणजे ग्रामीण भागात, पोलीस अधिनियमाच्या कलम 17 नुसार अधीक्षक आणि जिल्ह्याचे पोलीस दल जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली असते. तरी त्यावरून प्रत्येक तहसीलदार हा प्रत्येक पॉइंटचा सेनापती ठरतो, असा अर्थ काढता येणार नाही. मात्र सक्षम दंडाधिकारी समोर उभा राहून थांबायला सांगत असताना एखादा हवालदार थांबला, तर त्याचे वागणे सद्भावनेचे नव्हते असे म्हणणे कठीण आहे.

आणखी एक बारकावा सांगतो, जो वकिलांच्याही नजरेतून सुटतो. जमाव पांगवताना केलेल्या कृत्यांना संरक्षण देणारे संहितेचे कलम 151 पाहिले, तर सैन्यदलाच्या सामान्य जवानाला 'जो आदेश पाळणे बंधनकारक होते तो पाळला' या कारणाने संरक्षण आहे. पोलीस अधिकाऱ्याला मात्र 'सद्भावनेने वागला' या कारणाने आहे. म्हणजे पोलिसाने स्वतःचे डोके वापरावे, असे कायद्याने गृहीत धरले आहे. 2011 साली बनावट चकमकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यूरेंबर्गच्या खटल्यांचा दाखला देत, वरिष्ठांचा आदेश होता हा बचाव फेटाळला, तोही याच दिशेने जातो. आपल्या भावाचे प्रकरण अर्थातच तितके गंभीर नाही.

उत्तर 3: राखीव दलातला एक निवृत्त

वकील साहेबांच्या मांडणीतला शेवटचा भाग मला धोक्याचा वाटतो. बेकायदा गोळीबाराचा आदेश नाकारणे वेगळे आणि तीन कायदेशीर आदेशांतून आपल्याला सोयीचा निवडणे वेगळे. रांगेतला एक माणूस थांबला आणि शेजारचा पुढे गेला, तर पुढे गेलेला एकटा सापडतो व मार खातो. आमच्याकडे नियम सोपा होता: शेवटचा आदेश, तोही आपल्या थेट वरिष्ठाकडून आलेला. थेट वरिष्ठ दिसत नसेल तर आधी त्याला शोधायचे.

उत्तर 4: जुना बंदोबस्तवाला

दादा, नियम ठीक आहे. पण इथे शेवटचा आदेश वायरलेसवरचा की तहसीलदारांचा, आणि थेट वरिष्ठ तर दुसऱ्या टोकाला. तो नियम लावूनही हवालदार जिथल्या तिथेच राहतो.

तुमच्याच दलातले उदाहरण देतो, राग मानू नका. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली. चौकशी आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि 2009 मध्ये सत्र न्यायालयाने दोषी धरले ते तेथे गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला. 1 सप्टेंबर 2023 ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, तेव्हाही राज्यभर पहिला प्रश्न हाच विचारला गेला की आदेश कोणाचा; आणि लाठीमाराचा निर्णय अधीक्षक-उपअधीक्षक पातळीवरच होतो, तो मंत्रालयातून येत नसतो, असे सरकारकडून सांगण्यात आले. ते नियमाला धरूनच आहे. मात्र हा प्रश्न खाली उतरत उतरत पॉइंटवरच्या माणसापाशी येऊन थांबतो, म्हणून त्याच्याजवळ कागद असावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

उत्तर 5: निफाडचा कांदेवाला

मी बॅरिकेडच्या दुसऱ्या बाजूला बसणारा माणूस आहे. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागले आणि त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातच बंद झाली, तेव्हा लासलगाव आणि चांदवडकडच्या आंदोलनांत मीही होतो. ताई सांगतात ते आंदोलन कोणते हे मला ठाऊक नाही, पण तो देखावा ओळखीचा आहे.

पोलिसांचे एकमत नाही हे गर्दीला एका मिनिटात कळते. बॅरिकेड उघडले की पुढच्यांना वाटते, वाट दिली. ते पुन्हा आडवे झाले की पुढचे थबकतात, पण मागच्यांना ते दिसत नसते, ते पुढे सरकतच राहतात. तुमच्या भावाच्या पॉइंटवर माणसे पडली ती या रेट्याने पडली असणार, कोणाच्या आदेशभंगाने नव्हे. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात 114 माणसे मेली, त्यांत बायकामुले जास्त होती, आणि ती चेंगराचेंगरीत गेली. त्यामुळे वायरलेसवरचा आदेश ऐकून तुमचा भाऊ चार शिपायांसह लाठी घेऊन गर्दीत शिरला नाही, याबद्दल मी तरी त्याला दोष देणार नाही. बारा मिनिटे उभे राहणे हेही एक काम असते. ते नोटीस लिहिणाऱ्याला दिसत नाही.

थोडा दोष आमच्याही पदरी आहे. मार्च 2018 मध्ये नाशिकच्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) निघालेला किसान लाँग मार्च मुंबईत पोहोचला, तेव्हा दहावीच्या परीक्षेची मुले अडकू नयेत म्हणून लोक रक्ताळलेल्या पायांनी रातोरात आझाद मैदानापर्यंत चालले. निर्णय झाला आणि हजारोंनी तो पाळला. रास्ता रोकोत आमचे प्रतिनिधी तहसीलदारांशी बोलत असतात आणि काय ठरते आहे हे मागच्यांना कोणीच सांगत नाही. आमच्यातही वायरलेस नसतो.

पंचवटीकर ताई

सर्वांचे आभार. आज रात्री भावाशी सविस्तर बोलले. सेट त्याच्याकडे नव्हता; तो उपनिरीक्षकांच्या चालकाकडे होता, आणि भावाने आदेश उघड्या गाडीतून ऐकला. त्यावर 'ओके' कोणी म्हटले हे त्याला माहीत नाही. स्टेशन डायरीत त्याने स्वतः नोंद घेतलेली नाही, पण जखमी शिपायाला रुग्णालयात नेताना घेतलेल्या नोंदीत तहसीलदार चर्चेसाठी हजर असल्याचा उल्लेख आहे.

उत्तर 6: जिल्हा न्यायालयातील एक वकील

ही नोंद फार मोलाची आहे, कारण ती वादापूर्वीची आहे आणि आपल्या भावाने लिहिलेली नाही.

उत्तर दोन पानांहून मोठे करू नका. घटनाक्रम वेळेसह द्या. जी वेळ नक्की आठवत नाही तेथे 'सुमारे' लिहा. आदेश आपल्याला उद्देशून मिळाला नव्हता, तो पाळण्यासाठी हजर असलेला सक्षम अधिकारी कोण होता आणि दंडाधिकाऱ्यांनी कोणते शब्द वापरले, हे स्वतंत्र वाक्यांत सांगा. उपनिरीक्षकांवर आरोप करू नका. ते दुसऱ्या टोकाला होते एवढी वस्तुस्थिती पुरेशी आहे. नियंत्रण कक्षाच्या लॉगबुकातील त्या तासाभराच्या नोंदी, बंदोबस्ताची लेखी योजना आणि डायरीतील ती नोंद यांच्या प्रती त्याच उत्तरात मागा आणि त्या मिळाल्यावर पुरवणी उत्तर देण्याचा हक्क राखून ठेवत असल्याचे लिहा. पुढे विभागीय चौकशी लागलीच, तर ती मुंबई पोलीस (शिक्षा व अपील) नियम, 1956 प्रमाणे चालेल आणि आज मागितलेले कागद त्या वेळी उपयोगी पडतील.

उत्तर 7: जुना बंदोबस्तवाला

बंदोबस्ताच्या योजनेत त्या पॉइंटचा प्रभारी म्हणून कोणाचे नाव आहे, ते सगळ्यांत आधी पाहा. बऱ्याचदा तिथे नुसता हुद्दा आणि संख्या असते, नाव नसतेच. तसे असेल तर ताई, उत्तराची सुरुवात तिथूनच करा. आणि नोटिशीच्या उत्तराची पोच शिक्क्यासह घेतल्याशिवाय भावाने टेबलापासून हलू नये.