नोकरी, लोकल, घर सांभाळून रोजची उपकारस्तुती कशी जमवावी?

वसईची_सर

नमस्कार मंडळी. मी कॅथलिक. बँकेत नोकरी, वसई रोड ते अंधेरी रोजची लोकल, घरी शाळेत जाणारी दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) सहसा चुकत नाही. पण सोमवार ते शनिवार देवाची आठवण म्हणजे जेवणाआधी केलेली क्रुसाची खूण, बस्स. कृतज्ञतेच्या वहीत रोज तेच उतरतं: कुटुंब, आरोग्य, नोकरी. आभार मानल्यासारखं काही वाटत नाही.

"वेळ काढा", "मनापासून करा" असे सल्ले नकोत. दिवसाला १५ मिनिटं धरा. त्यात नेमकं काय, कोणत्या क्रमाने, कुठे बसून करायचं? आणि दिवस वाईट गेला असेल तर आभार मानणं खोटं वाटतं, त्याचं काय करायचं?

पायवाट

ताई, तुम्ही सांगताय त्या अडचणीसाठीच संत इग्नेशियस लोयोला यांचं आत्मपरीक्षण (एक्झामेन) आहे. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, त्यात हे पाच टप्प्यांत दिलंय. अभ्यासामुळे ज्यांना प्रार्थनेला कमी वेळ मिळायचा, त्या येशूसंघाच्या (त्यांनी स्थापन केलेल्या धर्मसंघाच्या) विद्यार्थ्यांनाही त्यांनी दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण लावून दिलं होतं. म्हणजे मोकळा वेळ नसलेल्या माणसालाही हे जमावं, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

तुम्हाला १२ मिनिटं पुरतील. पहिली ३ मिनिटं मिळालेल्या उपकारांबद्दल आभार. मग १ मिनिट, दिवस देवाच्या नजरेने दिसावा म्हणून कृपा मागायची. त्यानंतर ५ मिनिटं उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस तासागणिक: आधी विचार, मग शब्द, मग कृती. पुढची २ मिनिटं क्षमायाचना. शेवटच्या मिनिटात उद्यासाठी एकच निश्चय आणि प्रभूची प्रार्थना.

यातला क्रम फार मोलाचा आहे. बहुतेकजण थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात, आणि मग दिवस म्हणजे नुसती चुकांची यादी होते. आधी आभार मानले की चूक कोणासमोर झाली हे दिसतं, आणि क्षमा मागताना माणूस खचत नाही. कृतघ्नतेला इग्नेशियस अत्यंत गंभीर पाप मानत. १५४२ सालच्या एका पत्रात त्यांनी ते स्पष्ट लिहिलंय.

आता वहीचं. एक नियम लावून बघा: काल लिहिता आली नसती अशीच गोष्ट आज लिहायची. "नोकरी" कालही लिहिता आली असती. "दुपारी सर्व्हर बंद पडला, रांगेतल्या आजोबांनी आवाज न चढवता पासबुक परत पिशवीत ठेवलं", हे फक्त आजचं. रोज अशा दोनच गोष्टी घ्या आणि त्या देवाला उद्देशून लिहा: "प्रभू, तू त्यांना आज धीर दिलास." कोणाशी बोलतोय ते वाक्यात आलं नाही की वहीची नुसती नोंदवही होते. तुमचं अडतंय ते इथेच, असं मला वाटतं.

अंथरुणात करू नका, दुसऱ्या टप्प्यातच डोळा लागतो. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी, खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून बसा. घरात ते शक्य नसेल तर परतीच्या लोकलमध्ये जागा मिळाल्यावर करा. ज्यांना रात्रपाळी असते त्यांनी घड्याळाकडे न बघता पाळी संपली की करावं.

नगरचा_वाचक

मी प्रोटेस्टंट मंडळीतला, तेव्हा आमच्या बाजूची एक पद्धत सांगतो. १५३५ मध्ये प्रोटेस्टंट पंथाचे आद्य सुधारक मार्टिन ल्यूथर यांनी विटेनबर्गच्या पीटर नावाच्या न्हाव्यासाठी प्रार्थनेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. साध्या माणसाने प्रार्थना कशी करावी, हाच त्याचा विषय. त्यात ते म्हणतात की चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं. हात चालू असताना गप्पांत रंगला तर तो गिऱ्हाइकाचं नाक कापेल. प्रार्थनाही तसंच लक्ष मागते.

पद्धत चार पदरांची: शिकवण, आभार, कबुली, मागणं. दहा आज्ञांपैकी रोज एक घ्यायची आणि ती या चार पदरांतून न्यायची. "चोरी करू नको" ही आज्ञा बँकेत काम करणाऱ्या बाईंनी घेतली तर कशी जाईल ते दाखवतो.

शिकवण: दुसऱ्याचं जे आहे ते राखायला देव सांगतो, नुसतं न घेणं पुरत नाही. आभार: माझं जे आहे तेही कोणीतरी राखलं. इमारतीचा वॉचमन रात्रभर जागा होता, डब्यात विसरलेली छत्री कोणीतरी परत आणून दिली. कबुली: कामवाल्या मावशींचा पगार ५ तारखेऐवजी १२ तारखेला दिला, म्हणजे त्यांच्या हक्काचे ७ दिवस मी वापरले. मागणं: उद्या मावशी आल्या की आधी त्यांचे पैसे हातात द्यायची आठवण दे.

याला ६-७ मिनिटं लागतात. दुसऱ्या पदरात आभारांना आपोआप नवा विषय मिळतो, कारण आज्ञा रोज बदलते. "कुटुंब, आरोग्य, नोकरी" यातून सुटायचा मला माहीत असलेला हा सर्वांत सोपा मार्ग. एखाद्या पदरावर मन भरून आलं तर तिथेच थांबा, बाकीचे पदर सोडून द्या. ल्यूथर यांनीही हेच सांगितलंय.

त्यांची आणखी एक सूचना नोकरदारांनी मनावर घ्यावी अशी आहे. "आधी एवढं काम आटोपतो, तासाभराने प्रार्थना करतो" या विचारापासून ते सावध करतात, कारण एका कामातून दुसरं निघत जातं आणि दिवस संपतो. म्हणून प्रार्थना सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं काम असावं. सकाळची मोबाईल हातात घेण्याआधी. मेसेज एकदा वाचले की डोक्यात दुसऱ्यांचीच कामं सुरू होतात.

पैशाचंही बोलायला हवं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितलं होतं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं (१ करिंथ १६:२). दानाची रक्कम खात्यातून परस्पर वळती करण्याची सोय असते आणि ती चांगलीच आहे, पण मग देण्याची जाणीव राहत नाही. पगार जमा झाल्याचा मेसेज येईल तेव्हा दोन वाक्यं प्रार्थनेची, आणि लगेच त्यातला देवाचा भाग वेगळा.

वसईची_सर

दोघांचेही मनापासून आभार. वॉचमन आणि मावशींचं उदाहरण फार नेमकं आहे. वाईट दिवसाचा प्रश्न मात्र राहिला. सासूबाईंना रात्री तीनदा उठवावं लागलं, सकाळी गाडी चुकली, ऑफिसात बोलणी खाल्ली. अशा दिवशी पहिला टप्पा आभारांचाच ठेवायचा?

स्तोत्रवाचक

अशा दिवशी बायबलमधल्या स्तोत्र १३ चा क्रम धरा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत थेट तक्रार: हे परमेश्वरा, किती वेळ? चार वेळा तोच प्रश्न. तिसऱ्या-चौथ्यात मागणी. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि उपकारांची आठवण. म्हणजे आभार आहेत, पण शेवटी. तक्रार आधी आणि पूर्ण होऊ द्या, मोठ्याने बोलता आली तर उत्तम. मग एक मागणं, आणि शेवटी एकच उपकार. दोन शोधत बसू नका.

तेही जमत नसेल तर स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीकडे वळत नाही, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. त्या रात्रीपुरती तेवढीच प्रार्थना पुरे.

"सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" (१ थेस्सलनीका ५:१८) हे वचन लोक थकलेल्या माणसाच्या तोंडावर फेकतात, त्याचं वाईट वाटतं. सासूबाईंचं आजारपण चांगलं आहे असं म्हणायला पौल सांगत नाही. आजारपणातही देव सोडून गेलेला नाही म्हणून त्याच्याशी बोलणं थांबवू नका, एवढं तो सांगतो.

इग्नेशियस यांचा एक नियम अशा दिवसांसाठी लक्षात ठेवा. मन कोरडं, उदास असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. १२ मिनिटं ठरवली असतील तर कोरड्या दिवशी ती ८ करू नका. उलट किंचित वाढवा, १३ करा.

आणि ताई, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. तो विश्वासाचा कमीपणा नाही. रात्रीचं उठणं घरातल्यांनी वाटून घ्यायला हवं, हे तर आहेच.

तिसरी_घंटा

लोकलबद्दल ओझरतंच बोलणं झालं म्हणून लिहिते. वसई रोड ते अंधेरी एवढ्या वेळात जपमाळेची पाचही दशकं (एका दशकात दहा 'नमो मारिया') होतात, साधारण २० मिनिटं लागतात. गर्दीत माळ काढू नका, ओढली जाऊन तुटते. दहा बोटं म्हणजे एक दशक. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं (येशू आणि मारियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग), मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची (ही पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली). पाच होत नसतील तर एकच दशक करा, पण प्रत्येक 'नमो मारिया'ला एका माणसाचं नाव घ्या, ज्याच्या हातून आज काही मिळालं. घाईघाईने उरकलेल्या पाच दशकांपेक्षा मला हे बरं वाटतं.

दुपारी १२ वाजताची देवदूताची प्रार्थना ऑफिसातही होते, दोन मिनिटांची आहे. मोबाईलला गजर लावा, आवाज बंद ठेवून नुसता थरथरता. पास्काच्या (ईस्टरच्या) काळात तिच्या जागी 'स्वर्गाच्या राणी'ची प्रार्थना असते. ऐन गिऱ्हाईक समोर असेल तर नुसतं "प्रभू, समोरच्या माणसाचं भलं कर" म्हणा आणि काम चालू ठेवा. गजर पुढे ढकलायचं बटण मात्र दाबू नका. दोन दिवसांत हाताला सवय लागते आणि मग तो वाजलेला कळतही नाही.

रविवारी सासूबाईंना एकटं सोडता येत नसेल तर शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, चर्चच्या कायद्यात ते स्पष्ट आहे. आजाऱ्याची शुश्रूषा करायला दुसरं कोणीच नसेल तर गैरहजेरीचं पाप लागत नाही. फादरांना सांगून सासूबाईंना घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) आणण्याचीही व्यवस्था करून घ्या. त्या वेळी मुलांना घरीच थांबवा.

वसईची_सर

मुलांना यात कसं घ्यायचं? एक सहा वर्षांचा, एक अकरा.

पायवाट

रात्रीच्या जेवणाला, पहिला घास घेण्याआधी, प्रत्येकाने आजची एकच गोष्ट सांगायची. मोठ्यांनी आधी सांगायची, म्हणजे मुलांना कळतं कशा प्रकारची. सहा वर्षांचा "पिवळा खडू" म्हणाला तर "पिवळा खडू" एवढंच. त्याला "आणि आईबाबांचे आभार मान" असं शिकवायला गेलात तर पुढच्या आठवड्यापासून तो तेच पाठ केलेलं म्हणेल. अकरा वर्षांचा "काही नाही" म्हणाला तर तेही चालू द्या, पुढच्याची पाळी. सासूबाईंची पाळी त्यांच्या खोलीत जाऊन घ्या, मुलांपैकी एकाने विचारायचं. सगळं मिळून तीन मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, पोळ्या गार होतात.